जयवंताचा सांगावा

फाटकाच्या कडीवर काठी वाजली तेव्हा भागुबाई व्हरांड्यात सूप घेऊन जोंधळे पाखडत बसली होती. कडी सगळेच वाजवतात. दूधवाला बोटानं वाजवतो, पोस्टमन सायकलची घंटी मारून मोकळा होतो, आणि शेजारची कौसल्या तर वाजवतच नाही, सरळ आत येते आणि मग विचारते, येऊ का. पण लोखंडावर काठीचा ठोका, मग जरा थांबणं, मग पुन्हा ठोका, आणि मग बाहेरूनच हाळी, ही तऱ्हा बारामतीच्या या कॉलनीत तिनं कधी ऐकली नव्हती. "भागुबाई भानुदास साबळे हितंच ऱ्हात्यात का?" नाव पुरं घेतलं होतं, मेलेल्या नवऱ्यासकट. असं पुरं नाव घेऊन दाराबाहेर उभा राहणारा माणूस काय घेऊन येतो हे भागुबाईला कुणी शिकवायला नको होतं. ती तसल्याच माणसाच्या पोटी जन्मली होती.

गजांमधून खाकी कपडे दिसले, आणि मस्कत नावाचं गाव, जे तिनं कधी पाहिलं नव्हतं, जे तिच्या लेखी रविवारचा एक फोन होता, तेवढ्या वेळात रेतीचं आणि उन्हाचं झालं, आणि त्या रेतीत एक उंच लोखंडी सांगाडा उभा राहिला. बुद्धघोष, तिचा थोरला, तिथं इमारतींवर इंजिनियर होता. मी चढत नाही आई, खाली उभा राहून बघतो, असं तो दर वेळी सांगायचा, आणि दर वेळी तिला ते खोटं वाटायचं. सूप मांडीवरून घसरलं. जोंधळे फरशीभर झाले.

"तिथंच थांब," ती म्हणाली. "आत येऊ नगंस. काय आसंल ते तिथनंच सांग."

हवालदाराचा हात कडीपर्यंत आला होता, तो मागं गेला. आणि तो मागं गेलेला हात बघताना भागुबाईला आपलंच बोलणं ऐकू आलं, जरा उशिरानं, मस्कतच्या फोनमध्ये आपलाच आवाज फिरून आपल्या कानात येतो तसं. तो आवाज तिचा नव्हता. तो कळंबातल्या एका अंगणातल्या बाईचा होता. ती बाई अशीच सूप घेऊन बसली होती, आणि सडा जिथं संपतो त्या कडेला भागूचा बाप उभा होता, हातात घुंगुरकाठी, आणि बापाच्या धोतराचा सोगा धरून भागू. बाईनं वर न बघता म्हटलं होतं, तिथंच थांब. तेच शब्द. तीच ओढ. ती बाई भागुबाईच्या घशात कधीपासून येऊन बसली होती कोण जाणे.

"आजी, वाईट काय न्हाय," हवालदार म्हणाला. "घाबरू नका."

"घाबरलंय कोण? सांग म्हणलं तर सांग."

मग त्यानं बाहेर उभं राहूनच सांगितलं. तिचा मुलगा बिनतारी यंत्रावर बोलायचा परवाना मागत होता. धंद्यासाठी नव्हे, हौस म्हणून. परीक्षा तो पास झाला होता, पण परक्या मुलखातल्या माणसाला असलं यंत्र देताना तिथल्या सरकारला त्याच्या गावच्या पोलिसांचा दाखला लागत होता, माणूस सरळ आहे, घरदार सरळ आहे म्हणून. त्याचीच चौकशी. भागुबाईच्या पायांत आधी पाणी झालं, मग त्या पाण्याची वाफ होऊन डोक्यात गेली. मग आधी तेच सांगायचं होतं, काठी कशाला वाजवायची, असं तिनं विचारलं. हवालदार ओशाळला. म्हणाला, आत कुत्रं आसंल म्हणून.

"कुत्रं न्हाय," भागुबाई म्हणाली. "मी हाय. ये आत."

हवालदाराचं नाव युवराज, लोणी भापकरचा, वयानं तिच्या धाकट्याएवढा. चहा घेताना तो जोंधळे चुकवून पाय ठेवत होता ते तिनं पाहिलं, आणि तेवढ्यापुरता त्याला माफ केला. त्यानं विचारलं, पोराचं कुणाशी वाकडं, कोर्टकज्जा, पक्ष, संघटना. तिनं सांगितलं, वाकडं असलं तर फक्त आईशी. मग त्यानं रिवाजाप्रमाणे शेवटचं विचारलं, घरच्यांची काय हरकत नाही ना, आणि उत्तर गृहीत धरून पेनाचं टोपण लावायला घेतलं.

"हाय," भागुबाई म्हणाली. "हरकत हाय."

हवालदारानं टोपण पुन्हा काढलं. आया पोरांची तारीफ करून त्याचं डोकं उठवत, याचीच त्याला सवय होती. हे असं लिहून गेलं तर परवाना बुडाला समजा, असं त्यानं तिला समजावलं. तिथले लोक म्हणतील, जन्मदाती आई नको म्हणते म्हणजे माणसात खोट असणार, आणि मग ते नोकरीलाही चिकटेल. त्यानं कोरी जागा तशीच ठेवली. बाजाराच्या दिवशी मी परत येतो, तोवर विचार करा, असं सांगून तो गेला. फाटक लावताना त्यानं कडी हातानं लावली, आवाज न करता.

सून करुणा शाळेतून आली तेव्हा भागुबाई फरशीवरचे जोंधळे एकेक करून वेचत होती. हे तिनं केरसुणीनं केलं असतं तर चाललं असतं, पण तिला हाताला काम आणि तोंडाला कुलूप हवं होतं. करुणा बुद्धघोषाची बायको. कंपनी तिकडं बायकामुलांना राहू देत नव्हती, म्हणून ती इथं, सासूजवळ, आणि नवरा फोनमध्ये. गेले काही महिने ती पोर या परवान्याच्या आनंदात होती. बुद्धघोष संध्याकाळी एका मंडळात जाऊन शिकतो, तिथं अरब आहेत, एक गोव्याचा म्हातारा आहे, टकटक करून अक्षरं पाठवायला शिकवतात, हे ती कौतुकानं सांगायची. एकदा ओट्याशी उभं राहून तिनं समजावलं होतं की परवाना मिळाला की तो यंत्रापुढं बसणार आणि हाक मारणार, कुणी ऐकतंय का म्हणून. जगात कुठलाही माणूस ओ देऊ शकतो.

"कुणाला हाक मारायची?" भागुबाईनं विचारलं होतं.

"कुणालाही, आई."

"नाव न घेता?"

"नाव माहीतच नसतं ना. ओ देईल त्याला विचारायचं."

त्या बोलण्यानं भागुबाईच्या मानेवर काटा आला होता, आणि तो अजून बसला नव्हता. करुणा शिकलेली, तिला वाटलं सासूला कळलं नाही. भागुबाईला सगळ्यांपेक्षा जास्त कळलं होतं. नाव न घेता अंधारात हाक मारायची आणि कोण ओ देतंय बघायचं, याला करुणा हौस म्हणत होती. आणि नुसती हौस असती तरी तिनं दातखीळ बसवून घेतली असती. पण किल्लारीकडं भूकंप झाला, फोनच्या तारा मेल्या, तेव्हा असल्याच यंत्रावाल्यांनी इकडची खबर तिकडं पोचवली होती, कोण राहिलं, कोण गेलं. बुद्धघोषानं ते पाहिलं, आणि तेव्हापासून त्याला हे वेड लागलं. फोनवर तो म्हणाला होता, आई, निरोप पोचवायचं काम आहे, पुण्याचं काम आहे. निरोप. मेल्याचा निरोप. तिनं त्या दिवशी त्याच्या जेवणाचं विचारलं, आणि फोन सुनेच्या हातात दिला.

शेळगावात, तिच्या माहेरी, ते काम तिच्या बापाकडं, जयवंताकडं होतं. गावात माणूस खर्चलं की गावाबाहेरच्या वस्तीत बोलावणं यायचं, आणि जयवंता असेल तसा उठायचा, तोंडातला घास टाकून, तापात असला तरी. लेकीबाळी जिथं जिथं दिल्या असतील त्या त्या गावाला चालत जाऊन सांगायचं. घुंगुरकाठी घेऊन जायचा, म्हणजे लांबून कळावं. गावात शिरायचं नाही असं नव्हे, पण अंगणाच्या कडेला थांबायचं, काठी आपटायची, एक हात कानावर ठेवायचा आणि घरच्याचं पुरं नाव घेऊन हाळी द्यायची. मग सांगायचं आणि निघायचं. मागं रडं उठायचं, पण ते त्याच्यासाठी नसायचं. कुणाला आठवण राहिली तर ओंजळीत वरून पाणी ओतायचे, एखादी भाकरी हातावर टाकायचे. राहिली नाही तर तसाच. भागू लहानपणी दोनचारदा हट्टानं बरोबर गेली, आणि मग जायची बंद झाली, कारण तिला एक गोष्ट दिसली होती. बापाचा आवाज गोड होता. घरी, चुलीपुढं, तो हळू गायचा आणि आई हातातलं काम थांबवायची. तोच आवाज रस्त्यावर ऐकू आला की बायका दळण थांबवायच्या, पण वेगळ्या तऱ्हेनं. पोरांना आत ओढायच्या. तो नुसता बाजाराला निघालेला असला तरी. पाच कोसांच्या मुलखात त्याचा आवाज सगळ्यांनी ओळखला होता, आणि तो ऐकून बरं वाटलं असा एक माणूस कुठल्या गावात नव्हता.

आणि त्यातल्याच एका गावात, कळंबात, तिला दिली. नवरा भानुदास चांगला, पाटावर पाणी सोडायच्या कामाला, तोंडानं मुका म्हणावा इतका शांत. पण गावासाठी ती भानुदासाची बायको नव्हती, जयवंताची लेक होती. पाण्याला गेली की एखादी म्हणायची, बापाला सांग बाई, आमच्याकडं घाई नगं करूस. सगळ्या हसायच्या. भागूही हसायची आणि मग असं एक बोलायची की हसणारीची दाळ पुढचे चार दिवस शिजत नसे. जीभ तिला देवानं दिली नव्हती. ती तिनं कळंबाच्या पाणवठ्यावर घासून घासून धार लावलेली होती.

मग दीक्षेचं वर्ष आलं. शेळगावच्या वस्तीनं एका दुपारी बसून ठरवलं, मेलेली गुरं ओढायची नाहीत, भाकरी मागायची नाही, आणि मढ्याचा सांगावा घेऊन कुणाच्या अंगणात उभं राहायचं नाही. सांगाव्याचं आलं तेव्हा सगळ्यांत आधी हात वर केला तो जयवंतानं. भागू तेव्हा माहेरी होती, तिनं पाहिलं. घरी येऊन त्यानं घुंगुरकाठी चुलीत घातली. लाकूड जळालं, घुंगरं तेवढी राखेत काळी होऊन राहिली, आणि भावजयीनं, कशाचं सोनं करावं ते तिला बरोबर कळायचं, ती घासून शेळीच्या गळ्यात बांधली. मग बरेच दिवस जयवंता बाहेर बसला की शेळी त्याच्याभोवती वाजत फिरायची आणि तो तिच्याकडं बघत राहायचा. भागूला त्याचा इतका अभिमान वाटला की सासरी परत जाताना ती रस्ताभर ताठ चालली. पाणवठ्यावर तिनं आपण होऊन सांगितलं, माझ्या बापानं सोडलं. आता तुमचं तुमी बघा.

पुढच्या साली, ऊस तुटायला आला त्या दिवसांत, दिवेलागणीला ती कळंबातल्या घरात भाकरी थापत होती. बाहेरून हाक आली. "भागूऽ." शेवटचं अक्षर लांबवलेलं, कानावर हात ठेवल्यावरच निघतं तसं. तिच्या काळजात आधी आनंद आला आणि लगेच त्यावर राख पडली. नुसतं भेटायला आलेला माणूस अंगणाच्या कडेला उभा राहून हाळी देत नाही. ती पिठाच्या हातानं बाहेर गेली आणि अंधारातल्या त्या कडेकडं बघून, जीभ जशी सुटायची तशी, बोलली. "आबा, सोडलं म्हणला हुता न्हवं? आता परत कुणाचं मढं घिऊन आलायसा? ह्या गावात मला ऱ्हायचं हाय." कुणी बोललं नाही. उसाची पानं हलली. तिला वाटलं, रागावून मागच्या मागं गेला. रागवू दे, म्हणाली मनाशी, मी खोटं काय बोलले. पण त्याची भाकरी तिनं ताटलीखाली झाकून ठेवली, रात्री पाय दुखले की येईल म्हणून. तो आला नाही. भाकरी सकाळी कुत्र्याला घातली.

चार दिवसांनी बांगड्या भरणारी सारजा आली, आणि हात दाबत, हिरव्या का लाल विचारत, सहज म्हणाली, बापाचं कळलं आसंलच. भागूचा हात तिच्या हातात होता. जयवंता आठ दिवसांपूर्वी गेला होता. माती झाली होती. म्हणजे ती दिवेलागण आली तेव्हा तो आधीच मातीत होता. मधल्या दिवसांत ती जेवली होती, हसली होती, जावेच्या डोहाळेजेवणात गाणं म्हणाली होती, आणि त्यातल्या एका संध्याकाळी मेलेल्या बापाला अंगणातून हाकलून दिलं होतं, किंवा दिलं नव्हतं, कारण तिथं कुणी नव्हतंच. तिनं शेळगाव गाठलं आणि भावाला धरला. भावानं मान वर केली नाही. आबांनीच सांगितलं होतं, म्हणाला. शेवटी शुद्धीत होते तेव्हा. आपण सोडलं म्हंजी सोडलं. माझा सांगावा घिऊन कुणाच्या दारात जायचं न्हाय. लेकीच्या बी न्हाय. मग एखादं पत्र का टाकलं नाहीस, तिनं विचारलं. भाऊ म्हणाला, पत्र म्हंजी तरी काय, कागदावरचा सांगावाच की.

इतकी कडक माणसं. भागुबाईला याचा राग यावा का अभिमान वाटावा हे पुढं भानुदास वारला, कळंब सुटलं, बारामतीला मुलाचं घर झालं, तरी ठरलं नाही. सगळ्या मुलखाची मरणं ज्यानं पायांनी पोचवली त्याचं मरण कुणी कुणाला सांगितलं नाही. म्हणून ते झालं असं तिच्या आत कुठंतरी कधी ठरलंच नाही. तेव्हापासून ती पहिल्या हाकेला ओ देत नसे. दुसऱ्याही नाही. करुणा चिडायची, आई, ऐकू येत नाही का. ऐकू येत होतं, सगळ्यांपेक्षा जास्त येत होतं. कॅनॉलच्या कडेनं संध्याकाळी चालताना पाण्याच्या आवाजाखाली यायचं. कारखान्याच्या भोंग्याच्या शेपटीला यायचं. आणि सगळ्यांत स्वच्छ यायचं ते रेडिओवर, एक स्टेशन सुटून दुसरं लागायच्या आधी जी खरखर असते तिच्यात. तिथं खोलवर कुणीतरी एक हात कानावर ठेवून उभं आहे. नाव घेतंय. शेवटचं अक्षर लांबवतंय. म्हणून घरात रेडिओचा काटा ती कुणाला फिरवू देत नसे. एकच स्टेशन, सकाळी चालू, संध्याकाळी बंद. आणि रात्री पोळ्या असोत की भात, एक भाकरी ती ताटलीखाली झाकायचीच. सकाळी ती कौसल्येच्या म्हशीला जायची.

आणि तिचा लेक, परक्या देशात, त्या खरखरीतच बसणार होता. आपण होऊन. परीक्षा देऊन, सरकारचा शिक्का मारून घेऊन. कुणी ऐकतंय का, म्हणणार होता. आणि एखाद्या वेळी, तिला नक्की माहीत होतं, कुणीतरी ओ देणार होतं, आणि त्याला तो आवाज कुणाचा हे कळणार नव्हतं, कारण त्यानं आजा पाहिलाच नव्हता. तो आजा ज्यासाठी गप्प मेला ते काम नातू पुन्हा गळ्यात बांधून घेत होता, शेळीसारखं, आणि हौस म्हणत होता.

रविवारी फोन वाजला. मस्कतची घंटी लांब असते. करुणानं आधी बोलून झाल्यावर, डोळे पुसत, फोन सासूपुढं धरला. भागुबाईनं वाट पाहिली नाही.

"मी हरकत घेतली," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं फोनमधून तिलाच ऐकू आलं, घेतली.

बुद्धघोष आधी हसला. मग आई गप्प आहे हे कळून थांबला. का, म्हणून विचारलं.

"तुजा आजा जे काम टाकून मेला, ते तू परवाना मागून घ्यायलायस. कुणाच्या दारात काठी आपटाय जाणार हायस?"

आजाचं त्याला माहीत होतं, जेवढं घरात माहीत असतं तेवढं: काठी, दीक्षा, हात वर करणं. कळंबाची संध्याकाळ तिनं कुणाला सांगितली नव्हती, आणि आत्ताही सांगितली नाही. मग तो बोलू लागला, हळू, लहानपणी मार खाऊन आल्यावर बोलायचा तसा. त्यांच्या साइटवर रतन नावाचा फिटर होता, भूकंप झाला त्या भागातला. चार दिवस झाले तरी त्याला घरचं कळत नव्हतं. तेव्हा त्या गोव्याच्या म्हाताऱ्यानं आपल्या यंत्रावरून हैदराबादच्या कुणालातरी गाठलं, त्यानं पुढं कुणाला, आणि खबर आली. रतनची आई आणि बहीण गेली होती. म्हातारा म्हणाला, मला मराठी येत नाही, आपल्या भाषेत कुणीतरी सांगायला हवं. मग बुद्धघोष गेला. रतनच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"उभ्यानं सांगता येईना, आई. नावच फुटेना तोंडातून. मग मी आत गेलो. त्याच्या खाटेवर, त्याच्या शेजारी बसलो, आणि सांगितलं."

भागुबाईचा हात फोनच्या तारेवर होता. "मग? हाकललं त्यानं?"

"नाही. धरून ठेवलं मला. सोडेचना. मग उठला, माठातलं पाणी काढलं, आणि पेला आधी मला दिला. मी प्यायल्यावर उरलेलं तो प्यायला."

"त्याच पेल्यानं?"

"त्याच पेल्यानं. कुणी कळवलं नसतं तर मी वेडा झालो असतो, म्हणाला. रोज जेवायला येतो आता माझ्याकडं."

पेला आधी मला दिला. हे वाक्य फोनमधून फिरून परत यायला नको होतं, कारण ते तिनं म्हटलं नव्हतं. तरी ते येत राहिलं. तिनं फोन ठेवला तेव्हा हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. त्यानंतरचे दिवस ती घरात कुणाशी धड बोलली नाही, आणि करुणानं भाजीत मीठ दोनदा घातलं तरी तिला काही बोलली नाही, तेव्हा करुणा खरी घाबरली. कळंबाच्या त्या अंगणात, सडा संपतो तिथं, भागुबाई पुन्हा पुन्हा जाऊन उभी राहत होती. आता तिला बापाचा चेहरा आठवत नव्हता, पाय आठवत होते, भेगांत माती भरलेले, आणि ओठ, सांगून झाल्यावर तो ओठांवरून जीभ फिरवायचा ते. तहान लागलेली असायची. इतक्या लांबून चालत आलेला. मेल्याची खबर सांगण्यात वंगाळ काय होतं? आत बोलवायला कुणी नव्हतं, ते वंगाळ होतं. आणि हे बापाला कळलं नव्हतं, का कळूनही सांगायला वेळ नव्हता? त्यानं सगळी काठीच चुलीत घातली. जळायचं ते जळालं, घुंगरं राहिली.

बाजाराच्या दिवशी हवालदार आला तेव्हा फाटक उघडंच होतं. तरी तो बाहेर थांबला. त्याच्या हातातली काठी एकदा वर झाली आणि, कडी समोर नाही म्हणून, तशीच खाली गेली.

"ये," भागुबाई म्हणाली. "दार उघडं आसल्यावर बी उभाच ऱ्हातोस?"

तिनं त्याला आधी पाणी दिलं. तो पिऊन होईपर्यंत ती त्याच्या गळ्याकडं बघत राहिली, ते त्याला अवघड झालं असावं. मग ती म्हणाली, लिव, हरकत न्हाय. त्यानं विचारलं, काय झालं मधल्यामधी, तर तिनं सांगितलं की पोलिसाला एवढ्या चौकश्या असतील तर त्यानं चोर धरावेत. त्यानं शाईचं पॅड पुढं केलं. ते तिनं बाजूला सारलं आणि पेन मागितलं. भागुबाई, एवढी चार अक्षरं भानुदासानं पाटाच्या कडेला बसून ओल्या मातीत शिकवली होती. तीच काढायला तिला जितका वेळ लागला तितका वेळ हवालदार काठी गुडघ्यात धरून गप्प बसला.

पण रविवारी, बुद्धघोष आभार मानायला लागला तेव्हा, तिनं त्याला तोडलं. "एक ऐक. परवाना मिळाला म्हंजी तुजी पयली हाळी माझी. माझा सांगावा पोचवायचा. मग तू जाण आन तुजं यंत्र जाणं."

"कुणाला पोचवायचा, आई?"

"जे ओ दील त्याला. सांगायचं, शेळगावचा जयवंता गेला."

तिकडं समुद्राचा आवाज असावा तसं काहीतरी होतं, किंवा ती नुसती तार होती. बुद्धघोष हसला नाही.

थंडी पडली आणि परवाना आला. त्या देशाचं आणि त्याचं मिळून एक अक्षर-आकड्यांचं नाव त्याला दिलं होतं, ते करुणानं तीनतीनदा म्हणून दाखवलं. भागुबाई म्हणाली, नाव ठेवलं होतं मी, तेवढं पुरेसं होतं. पुढच्या रविवारी घंटी वाजली आणि करुणानं फोन आपण न बोलता सासूला दिला.

"केलं, आई," बुद्धघोष म्हणाला.

त्यानं सांगितलं ते असं. दुपारभर तो हाक मारत होता आणि कुणी ओ देत नव्हतं. नुसती खरखर. उठावं असं वाटलं तेव्हा फार लांबून, बर्फाच्या मुलखातून, एक म्हातारा बोलला. इंग्रजी दोघांचंही तोडकंमोडकं. या लोकांची रीत, आधी नाव, गाव, हवा कशी आहे ते सांगायचं. ते झाल्यावर बुद्धघोष म्हणाला, माझ्याकडं एक निरोप आहे. म्हातारा म्हणाला, थांबा, कागद घेतो. मग त्यानं जयवंता हे नाव एकेक अक्षर करून मागून घेतलं, शेळगाव मागून घेतलं, आणि सगळं परत म्हणून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून. मग विचारलं, कधी गेले.

"सांगितलंस?"

"सांगितलं. सदतीस वर्षं झाली म्हटलं. तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं, तुटलं. मग म्हणाला, मिळालं. सगळं मिळालं. आणि विचारलं, घरी कोण आहे त्यांचं. मी म्हटलं, लेक आहे. म्हणाला, तिला सांगा, मी ऐकलं."

बुद्धघोषानं दोनदा आई, आई म्हटलं. मग तिनं त्याला विचारलं की थंडीत डोक्याला काही बांधतोस का, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ती उठली, कपाटावरचा रेडिओ खाली घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या हातानं काटा फिरवला. स्टेशन सुटलं. खरखर आली. तिनं कान जवळ नेला. खरखर होती, तव्यावर मीठ पडावं तशी, आणि तिच्याखाली आणखी खरखर, आणि तिच्याखाली काही नव्हतं. ती वाट बघत राहिली. बाहेर कौसल्येची म्हैस ओरडली. कॅनॉलकडून कुणी शीळ घालत गेलं. रेडिओत कुणी कानावर हात ठेवून उभं नव्हतं. हे हवं होतं तिला, का काय हवं होतं, हे तिला सांगता आलं नसतं. तिला एवढंच कळलं की बाप गेला, आज गेला, आणि तो गेला त्या वयाची आता या घरात ती एकटीच उरली.

"आई," करुणानं आतून हाक मारली.

"ओ," भागुबाई म्हणाली.

करुणा दारात येऊन उभी राहिली, तवा उतरवायचा चिमटा हातातच. सासूनं पहिल्या हाकेला ओ दिली म्हणून ती घाबरली होती. काय होतंय का तुम्हाला, असं तिनं विचारलं. भागुबाईनं रेडिओ बंद केला आणि जेवायला बसली. जेवण झाल्यावर करुणानं, रोजच्या सवयीनं, उरलेली एक भाकरी घेतली आणि झाकायला ताटली उचलली.

"झाकू नगंस," भागुबाई म्हणाली. "मला वाढ."

भाकरी अजून कोमट होती. भागुबाईनं ती मिठाशी, मोडून मोडून, सावकाश खाल्ली. कान फाटकाकडं होता. कडी वाजली नाही.